पाटीवर काय लिहायचं

डोंबिवलीत दोन चुलतभाऊ राहत होते. थोरला पंचेचाळिशीचा, धाकटा अठ्ठाविशीचा. बोधकथेतल्या माणसांना नावं नसली तरी चालतं, म्हणून आपण थोरल्याला दादा म्हणू आणि धाकट्याला धाकटा. दोघांच्या नोकऱ्या संगणकापुढच्या आणि कंटाळवाण्या. त्या सांभाळून रात्री साडेनवानंतर आणि रविवारी दिवसभर, काकांच्या, म्हणजे धाकट्याच्या वडिलांच्या, घरातल्या आतल्या खोलीत बसून दोघे मिळून एक व्हिडिओ गेम बनवत होते.

गेम नाणेघाटाचा होता. सातवाहनांच्या काळात कल्याणच्या बंदरात उतरलेला माल याच घाटाने वर जुन्नरला जायचा. खेळणारा यात व्यापारी नव्हे, राजा तर नव्हेच. तो हमाल. पाठीवर ओझं, कमरेला भाकरीचं गाठोडं, हातात काठी. घाट चढायचा आणि माथ्यावरच्या दगडी रांजणात, जकातीचा म्हणून लोक दाखवतात त्या, एक नाणं टाकायचं. एवढंच. पण डाव नव्याने मांडला की घाटही नवा. गेल्या खेपेला जिथे ओढा होता तिथे कारवीचं रान, जिथे रान होतं तिथे कडा. शेवाळलेल्या कातळावरून पाय सुटायचा, पाचोळ्यात फुरसं असायचं, धुक्यात वाट चुकून भाकरी संपायची. हमाल मेला की मेला. पुन्हा कल्याण, पुन्हा पहिलं पाऊल.

मागे उरायची ती एकच गोष्ट. हमाल जिथे पडला तिथे एक दगड उभा राहायचा आणि दगडाखाली त्याची शिदोरी. वाट बदलली तरी पुढच्या हमालाला तो दगड कुठेतरी लागायचाच. शिळी भाकरी, कधी दोरीचा तुकडा, कधी अर्धी जळलेली मशाल. ही कल्पना दादाची. १९९८ साली कॉलेजच्या प्रयोगशाळेत, सर घरी गेल्यावर, तो नेटहॅक नावाचा गेम खेळायचा. त्यात आधीच्या डावात मेलेल्याची हाडं आणि सामानसुमान कधीकधी पुढच्या डावात सापडतं, आणि बरोबर त्याचं भूतही. दादाला एकदा स्वतःच्याच भुताने मारलं होतं. ती गंमत तो पंचवीस वर्षं विसरला नव्हता. भूत त्याने काढून टाकलं आणि भाकरी ठेवली. माझ्या मते त्या गेममधली सगळ्यात चांगली गोष्ट तीच होती.

दिवाळीत गेम खेळण्याजोगा झाला. वरच्या मजल्यावर एक मुलगी राहायची, दादरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला. तिच्या फोनवर दोघांनी तो टाकून दिला. आठ दिवसांनी ती जिन्यात भेटली आणि म्हणाली, "दादा, मस्त आहे. फक्त एक करा ना. दादर आलं की मला उतरावं लागतं, आणि बंद केला की माझा हमाल जातो. तो तिथेच राहील असं काहीतरी करा."

दादाने मान हलवली आणि वहीत लिहून घेतलं: 'मेल्यावर सवलत मागतात.'

तिने तसं काही मागितलं नव्हतं. पण ते कळायला पावसाळा उजाडावा लागला.

डिसेंबरात स्टीमच्या दुकानात गेमचं पान तयार करायला बसले. नाव, चित्रं, वर्णन, आणि मग प्रकार. म्हणजे दुकानात कुठल्या फळीवर ठेवायचा, पाटी काय लावायची.

"रोगलाइक," दादा म्हणाला, आणि टाइप करून मोकळाही झाला.

"लाइक नाही, लाइट," धाकटा म्हणाला.

इथे थोडं मागे जायला हवं. १९८० च्या सुमारास कॅलिफोर्नियात मायकल टॉय आणि ग्लेन विचमन या दोन विद्यार्थ्यांनी 'रोग' नावाचा गेम लिहिला, आणि पुढे बर्कलीत केन अरनॉल्डचा हात त्याला लागला. रोग म्हणजे लुच्चा, भटका, वाट्टेल तिथे शिरणारा. चित्रं नव्हतीच. ईमेलच्या पत्त्यात असतं ते ॲटचं चिन्ह म्हणजे तुम्ही, आणि इंग्रजीतली सव्वीस अक्षरं म्हणजे सव्वीस प्रकारचे राक्षस. भुयार दरवेळी नवं, आणि मरण एकदाच. बर्कलीच्या युनिक्सबरोबर हा गेम विद्यापीठाविद्यापीठांत पोचला आणि त्याची पोरंबाळं झाली: हॅक, मोरिया, नेटहॅक, अँगबँड. या सगळ्यांना लोक रोगसारखे, म्हणजे रोगलाइक म्हणू लागले. मग २०१३ साली रोग लेगसी आला. त्यात बाप मेला की वारस येतो आणि बापाने मिळवलेल्या सोन्यातून वाडा वाढवतो, म्हणजे मरणातून काहीतरी पुढे जातं. करणाऱ्यांनी आपणहून त्याला रोगलाइट म्हटलं. २०२० च्या हेडीसमध्ये तर यमलोकातून पळू पाहणारा मुलगा मेला की सरळ बापाच्या घरी परत येतो आणि घरचे लोक त्याच्याशी दोन शब्द बोलतात. धाकटा या हेडीसवर वाढलेला.

"मेल्यावर शिदोरी उरते ना?" धाकटा म्हणाला. "मग झालं की. लाइट. आणि खरं सांगू दादा, ती शिदोरीच आपल्या गेमचा जीव आहे. अगदी हेडीससारखी."

दादाचा चेहरा असा झाला, जणू कुणी त्याच्या आईच्या हातच्या आमटीला हॉटेलसारखी म्हटलं.

"हेडीस रोगलाइक नाही," तो म्हणाला. "तिथे वेळ थांबत नाही. रोगमध्ये तू पाऊल टाकेपर्यंत राक्षस पाऊल टाकत नाही. विचार करायला वेळ मिळतो. तो विचारांचा खेळ आहे, बोटांचा नाही."

"म्हणून तर मी लाइट म्हणतोय."

"पण आपला गेम पावलापावलाचा आहे!"

"पण शिदोरी?"

हे रात्री एकपर्यंत चाललं. शेजारच्या खोलीत काकूंच्या कानावर रोग, रोग, रोग एवढंच पडत होतं. सकाळी चहा देताना त्या म्हणाल्या, "एवढा कसला रोग झालाय तुमच्या त्या गेमला? औषध नाही का काही?"

"आहे," धाकटा म्हणाला. "माझा हलका आहे, उतरेल. दादाचा जुनाट आहे."

दादा हसला नाही.

आता या नावांची एक मौज आहे. पुस्तकाचा प्रकार सांगताना आत काय आहे ते आपण सांगतो: भयकथा, प्रवासवर्णन, विनोदी. गेमचा प्रकार बहुतेक वेळा हात काय करतो त्यावरून ठरतो. हात गोळ्या झाडतो, उड्या मारतो, मोहरे हलवतो. आणि तसा शब्द सापडला नाही की पूर्वजाचं नाव लावून मोकळे. १९९३ मध्ये डूम आला. पुढची काही वर्षं त्याच्यासारख्या प्रत्येक गेमला डूमची नक्कल म्हणत. मग 'फर्स्ट पर्सन शूटर' हा शब्द रुळला आणि डूम मूळपुरुष होऊन भिंतीवरच्या हारवाल्या फोटोत जाऊन बसला. मेट्रॉइड आणि कॅसलव्हेनिया या दोन घराण्यांची सोयरीक झाली ती मेट्रॉइडव्हेनिया. डार्क सोल्सनंतरचे ते सोल्सलाइक. थोडक्यात, गोत्र. ऋषी कुणी पाहिलेला नसतो, पण लग्नाच्या वेळी नेमका आठवतो.

कधी हे नाव लावणारा दुसराच असतो आणि ज्याला लागतं त्याला ते टोचतं. डिअर एस्थर, गॉन होम अशा शांत गेम्सना, ज्यांत चालत चालत एक गोष्ट उलगडते, लोकांनी कुचेष्टेने 'वॉकिंग सिम्युलेटर' म्हटलं. फायनल फँटसी १६ चे निर्माते नाओकी योशिदा यांनी २०२३ मध्ये एका मुलाखतीत सांगितलं होतं की 'जेआरपीजी', म्हणजे जपानी धाटणीचा, हा शब्द पहिल्यांदा कानावर आला तेव्हा तिथल्या गेम करणाऱ्यांना तो वेगळं काढल्यासारखा लागला होता. बाहेरच्यांना वाटत होतं, आपण नुसतं वर्गीकरण करतोय.

असो. दादाने पुढच्या रविवारी एक कागद छापून आणला आणि संगणकाच्या वरच्या भिंतीला चिकटवला. २००८ साली बर्लिनला रोगलाइक गेम बनवणाऱ्यांची परिषद भरली होती, तिथे ठरलेली ही व्याख्या. महत्त्वाच्या नऊ खुणा: भूभाग दरवेळी नवा, मरण कायमचं, खेळ पावलापावलाने, चौकटींच्या पटावर, वगैरे. कमी महत्त्वाच्या सहा. आणि पाच गेम नमुन्यादाखल, ज्यांत दादाचा नेटहॅक होता. दादाने एकेका खुणेपुढे पेन्सिलने बरोबरची खूण केली. शिदोरीपाशी येऊन पेन्सिल थांबली.

धाकट्याने तोच दस्तऐवज फोनवर उघडला. त्याला दुसरंच सापडलं. "दादा, हे वाचलंस का? यादीच्या आधीच लिहिलंय. ही व्याख्या अभ्यासाला सोपं जावं म्हणून आहे, गेम करणाऱ्यांवर बंधन घालायला नाही. एखादी खूण नसली म्हणून गेम बाद होत नाही, असंही आहे."

"माहीत आहे मला."

"मग?"

"मग काही नाही. पण यादी ती यादी."

मला वाटतं, गोष्ट इथेच मिटायला हरकत नव्हती. पण धाकट्याने ते वाक्य ज्या सुरात वाचून दाखवलं, त्या सुरात वेदवाक्यही कुणाला पटलं नसतं.

त्या रात्री दादाने गेममधून शिदोरी काढून टाकली. चाळीसएक ओळींचं काम, दहा मिनिटांत झालं. दगड राहिले, पण खाली काही नाही. गेम यादीत बसला.

दुसऱ्या दिवशी धाकट्याने ते पाहिलं आणि तो काही बोलला नाही. त्याने आपली वेगळी प्रत काढली. तिच्यात शिदोरी परत आली, आणि शिदोरीपाठोपाठ एक दुकानही आलं. कल्याणच्या बाजारात, मेलेल्या हमालांच्या मजुरीतून जाड वहाणा, लांब दोर, सर्पविषावरची मुळी. प्रत्येक मरणानंतर पुढचा हमाल जरा तगडा. शिवाय पावलापावलाचा खेळ त्याने सलग केला. आता तुम्ही थांबलात तरी पाऊस थांबत नव्हता, फुरसं तर थांबतच नव्हतं. रोगलाइटमध्ये असं असतं, म्हणून. वीसएक वेळा मेलं की कुणीही माथ्यावर पोचत होतं. घाटाची भीती गेली.

दादाच्या प्रतीत भीती होती, पण इतकी की माणूस तिसऱ्या मरणानंतर गेम बंद करून दूध आणायला जात होता.

संगणकावर आता दोन फोल्डर होते. एकाचं नाव 'खरा'. दुसऱ्याचं 'चालणारा'. कुणी कुणाचं ठेवलं ते सांगायला नको.

होळीच्या सुमारास एकदा काका आत आले. काका निवृत्त आणि एके काळचे कबड्डीचे पंच. तीस वर्षं रायगड जिल्ह्यातल्या मैदानांवर शिट्टी फुंकलेली. गुडघे गेलेले, आवाज शाबूत. दोघे भाऊ एकमेकांकडे पाठ करून बसलेले पाहून त्यांनी विचारलं, "काय भानगड आहे?"

धाकट्याने समजावून सांगितलं. एका गेममध्ये मेला तो मेला, दुसऱ्यात काहीतरी हाती लागून परत येतो.

"म्हणजे गामिनी आणि संजीवनी," काका म्हणाले.

दोघेही वळले.

"अरे, हुतूतूच की. आता सगळे कबड्डी म्हणतात, पण आमच्या वेळी हुतूतूच. एक संजीवनी. समोरचा गडी बाद झाला की आपला एक बाद झालेला उठून आत येतो. एक गामिनी. गेला तो गेला, सगळा संघ बाद होऊन लोण चढेपर्यंत बाहेर बसायचं. आणि एक अमर. त्यात कुणी बाहेरच जात नाही, नुसते गुण मोजायचे. महासंघाच्या नियमात गडी उठतो, म्हणजे संजीवनी. पण आमच्या आळीत गामिनी चालायची. गामिनीच खरी. गडी बाद झाला आणि दोन मिनिटांनी पुन्हा आत? मग बाद होण्याला अर्थ काय राहिला?"

दादा विजयी मुद्रेने धाकट्याकडे बघू लागला.

"मग?" धाकट्याने विचारलं.

"मग काय? १९६८ साल. गावच्या मंडळात मी आणि माझा मित्र. तो म्हणाला, बाहेर सगळीकडे संजीवनी खेळतात, स्पर्धेला जायचं तर आपणही तीच खेळू. मी म्हणालो, गावच्या मातीत गामिनी. झालं. मंडळ फुटलं. मैदान एकच, सोमवार-बुधवार त्यांचं, मंगळवार-गुरुवार आमचं. आणि शुक्रवारी मोकळं, भांडायला." काका स्वतःच हसले. "पुढे ना त्यांच्याकडे सात गडी जमेनात, ना आमच्याकडे. एका हिवाळ्यात कुणीतरी मैदानात पेंढा रचला. आम्ही दोघांनीही तो काढला नाही. त्याला वाटलं मी काढीन, मला वाटलं तो."

"आणि तुम्ही पुढे तीस वर्षं पंच होतात ते..."

"संजीवनीचेच. दुसरी होतीच कुठे?" काका दाराशी गेले आणि वळून म्हणाले, "पण खरी गामिनीच हां."

आता एखाद्याला वाटेल, हे ऐकून भावांचे डोळे उघडले. छे. दादाच्या डोक्यात शेवटचं वाक्य राहिलं आणि धाकट्याच्या डोक्यात पेंढा. दोघांनीही त्याचा अर्थ दुसऱ्याला लागू केला.

वरच्या मजल्यावरच्या मुलीला दोघांनी आपापली प्रत पाठवली होती. दोघांनाही तिचं उत्तर सारखंच आलं: अंगठा. पुढे तोही येईना. दादाने निष्कर्ष काढला, तिला खरा गेम झेपत नाही. धाकट्याने काढला, जुन्या प्रतीने तिचं मन उडालं. एका माणसाच्या गप्प राहण्यातून दोन सिद्धांत निघाले.

जूनच्या शेवटी एका रविवारी काकांची साखर तपासायची होती. लॅबची घरी येणारी माणसं पावसात अडकतात, म्हणून काकूंनी वरच्या मुलीलाच विचारलं. सकाळी साडेसातला ती आली, उपाशीपोटीचं रक्त घेतलं. काकांनी नाश्ता केला. आता दोन तासांनी पुन्हा. ती वर जायला निघाली तर काकू म्हणाल्या, "बस गं, पोहे खा, कुठे वरखाली करतेस."

ती बसली आणि तिने फोन काढला. आतल्या खोलीतून दोघे भाऊ वेगवेगळ्या वेळी पाणी प्यायला बाहेर आले आणि दोघेही तिच्या मागे थबकले.

स्क्रीनवर घाट होता. धुकं, कारवी, मधूनच चमकणारं पाणी. हमाल एका वळणावर उभा. ती बोट लावायची, हमाल एक पाऊल टाकायचा. ती पोह्याचा घास घ्यायची, घाट थांबायचा. डावीकडे एक उभा दगड दिसला. तिने हमालाला वाकडी वाट करून तिकडे नेलं. दगडाखाली भाकरी. हमालाने ती उचलली.

"कुणाची आहे ती?" काकांनी विचारलं. ते केव्हाच चष्मा चढवून शेजारी बसले होते.

"माझीच. म्हणजे मंगळवारच्या माझी. ठाण्याच्या पुढे गेला तो, पायच घसरला."

"म्हणजे ही संजीवनी झाली," काका नापसंतीने म्हणाले.

दादाचा आवाज घशातच राहिला होता. "ही... ही कुठली प्रत?"

"दिवाळीची. तुम्ही पहिल्यांदा दिली होती ती." तिने मागे वळून पाहिलं आणि जरा ओशाळली. "नंतरच्या दोन्ही काढून टाकल्या मी. सॉरी हां. दादा, तुमच्यात दगडाखाली काहीच नसायचं, वाईट वाटायचं बघून. आणि याच्यात," ती धाकट्याकडे पाहून म्हणाली, "थांबताच येत नाही. गाडीत एका हाताने वरची कडी धरलेली असते. माझी पर्स सांभाळू की फुरसं?"

"पण यात तर तुझा हमाल जातो ना, बंद केल्यावर?" दादाने विचारलं.

"बंद करतेच कुठे?"

मग तिने सांगितलं ते असं. दादर आलं की ती फोन विमानाच्या मोडवर टाकते, म्हणजे मध्येच कुणाचा कॉल येऊन गेम बंद पडायला नको. स्क्रीन विझू नये अशी सेटिंग करून ठेवलेली. लॅबमध्ये पोचली की रक्ताच्या बाटल्यांच्या रॅकशेजारी फोन चार्जरला लावून उभा करते. लाल झाकणाच्या, जांभळ्या झाकणाच्या, करड्या झाकणाच्या बाटल्या, आणि त्यांच्या कडेला चार इंची पावसात ओझं घेऊन उभा एक माणूस. दीड वाजता डबा खाताना ती त्याला आणखी पंधरा-वीस पावलं चालवते. परतीच्या गाडीत उरलेली. लॅबमधल्या बाकीच्यांनाही आता तो माहीत झालाय. कुणी जागा हवी म्हणून फोन सरकवला तरी हळूच सरकवतं.

"सकाळपासून उभा असतो बिचारा," ती म्हणाली. "मी म्हटलं होतं ना दादा तुम्हाला, तो तिथेच राहील असं काहीतरी करा."

दादा आत गेला. वही उघडली. 'मेल्यावर सवलत मागतात.' त्याच्याच अक्षरात.

आणि मग त्याला आठवली ती कॉलेजातली प्रयोगशाळा. रात्री नऊला शिपाई किल्ल्यांचा जुडगा वाजवत यायचा. तेव्हा दादा काय करायचा? कॅपिटल एस दाबायचा. नेटहॅक डाव जपून ठेवायचा आणि बंद व्हायचा. दुसऱ्या दिवशी तिथूनच सुरू. रोगमध्येही ती सोय होती. मरण कायमचं होतं, पण शिपाई आला म्हणून कुणी मरत नव्हतं. पंचवीस वर्षं ज्या गेमची शपथ घेतली, त्यातलं रोज दाबलेलं बटण त्याला आठवलं नव्हतं. कारण ते यादीत नव्हतं.

धाकटा दारात उभा होता. "दुकान मी काढतो," तो म्हणाला. "तसंही मला ते जमलं नव्हतं. वहाणांचे भाव काय ठेवायचे तेच कळत नव्हतं."

"पावलापावलाचा?"

"पावलापावलाचाच. तिचा एक हात कडीला असतो."

दोघांनी दिवाळीची प्रत शोधून काढली आणि तिच्यावर काम सुरू केलं. दहा वाजता मुलीने काकांचं दुसरं रक्त घेतलं, तेव्हा आत डाव जपून ठेवण्याच्या पहिल्या ओळी लिहून होत होत्या. साखर वाढलेली निघाली, पण ती वेगळी गोष्ट.

गणपतीच्या आधी ते पुन्हा स्टीमच्या पानाशी आले. वर्णनाचा रकाना महिनोन्महिने रिकामा होता. पाटीचं ठरल्याशिवाय मजकूर लिहायचा कसा, म्हणून. धाकट्याने वरच्या मजल्यावर फोन लावला. "तू तुझ्या मैत्रिणींना काय सांगितलंस गं, कसला गेम म्हणून?"

पलीकडून कुकरच्या शिट्टीबरोबर उत्तर आलं: "कल्याणहून जुन्नरला ओझं न्यायचं. वाट रोज वेगळी. पडलात तर पुढचा तुमची भाकरी खाऊन पुढे जातो. का?"

"काही नाही." त्याने ते तसंच्या तसं लिहिलं.

मग प्रकाराचा रकाना. दादाने 'रोगलाइक' लिहिलं आणि धाकट्याकडे न बघता खुर्ची मागे घेतली. धाकट्याने कीबोर्ड ओढला. खोडलं नाही. पुढे आणखी एक जागा होती, तिथे 'रोगलाइट' लिहिलं. त्याच्यापुढेही जागा होती. दोघांनी मोजल्या. एकूण वीस. डिसेंबरापासून ते पान उघडं होतं आणि दोघांपैकी एकानेही खाली सरकवून पाहिलं नव्हतं. उरलेल्या अठरा जागांत काय भरायचं यावर पुन्हा तासभर गेला, पण या वेळी काकूंना आतून हसण्याचे आवाज येत होते. 'पाऊस' असा प्रकार तिथे नसतो हे कळल्यावर दोघांनाही वाईट वाटलं.

गेम आल्यावर खेळणाऱ्यांनीही आपापल्या पाट्या लावल्या, तशी तिथे मुभा असते. सगळ्यात जास्त लोकांनी लावलेली पाटी होती 'वॉकिंग सिम्युलेटर'. दादा दोन दिवस जेवला नाही म्हणतात. मला ते खरं वाटत नाही, तो जेवणावर राग काढणारा नाही.

काकांनीही फोनवर गेम घेतला. साखरेमुळे डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं, गुडघे ऐकत नव्हते, तेव्हा ते हमालाला चालवत. पहिला हमाल ओढ्यात गेला. दुसरा निघाला. तीन-चार वळणांनंतर त्याला डावीकडे दगड लागला. काकांनी चष्मा सारखा केला, दगडाकडे पाहिलं, आणि हमालाला सरळ पुढे नेला.

"बाबा, तुमचीच शिदोरी आहे, घ्या की," धाकटा म्हणाला.

"माहीत आहे," काका म्हणाले. "गेला तो गेला. मी त्याची भाकरी खाणार नाही."

आणखी नऊ वळणं हमाल उपाशी चढला. रांजण धुक्यातून दिसायला लागला होता, अगदी त्याची कडही ओळखू येत होती, तेव्हा तो बसला तो उठलाच नाही. काकांनी फोन खाली ठेवला आणि चष्मा पुसला. त्या घाटात आता त्यांच्या दोन शिदोऱ्या पडून आहेत.